सर्व्हर उठला, हिशोब बसला

आजचा लेख जरा चिडून लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो. विषय तसा रुक्ष आहे. डेटाबेस सर्व्हर सुरू होताना रिकव्हरी करायला घेतो आणि ती पुरी व्हायच्या आतच आडवा पडतो. पुन्हा सुरू केला की पुन्हा आडवा. रात्री दोन वाजता ज्यांनी हा प्रकार पाहिलाय त्यांना पोटात गोळा येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पण माझा राग त्या बिचाऱ्या सर्व्हरवर नाहीये. तो आहे त्याला 'उठवायच्या' आपल्या पद्धतीवर. रिकव्हरीत अडून बसलेला डेटाबेस बहुतेक वेळा आपलं काम इमानेइतबारे करत असतो, आणि त्याला लाथा घालून उठवणारा माणूस डेटा मारत असतो. एवढंच माझं म्हणणं आहे, पण ते ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो, म्हणून इथे लांबण लावतोय.

या धंद्याशी संबंध नसलेल्यांसाठी (माझे काका हा ब्लॉग नेमाने वाचतात!) थोडं मागून सुरू करतो. जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या, रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत लिहायचा, घडला त्या क्रमाने. मग सवडीने दिवाणजी ती रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्याच्या पानावर चढवायचे. डेटाबेस नेमकं हेच करतो. त्याच्या कीर्दीचं नाव राइट-अहेड लॉग, आपण सगळे त्याला 'वॉल' म्हणतो. तुमचा व्यवहार 'कमिट झाला' असं डेटाबेस सांगतो तेव्हा तो कीर्दीत उतरलेला असतो, खतावणीत अजून चढलेला असेलच असं नाही. अधूनमधून डेटाबेस सगळी चढवाचढव पुरी करून एक रेघ मारतो, 'इथपर्यंत खतावणी पक्की'. हा चेकपॉइंट. आता मध्येच वीज गेली तर खतावणीची काही पानं चढलेली, काही नाही, आणि काही चक्क अर्धवट लिहिलेली. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं असतं आणि फाइल सिस्टीम साधारणपणे ४ केबीच्या तुकड्यांत लिहिते, त्यामुळे अर्धं पान नवं आणि अर्धं जुनं असाही प्रकार होतो. सर्व्हर परत सुरू होताना शेवटच्या रेघेपासून कीर्द वाचत वाचत खतावणी पुन्हा चढवतो. ही रिकव्हरी.

आपण सगळे हे शिकलोय हो! इंजिनिअरिंगला डीबीएमएसच्या पेपरात 'लॉग-बेस्ड रिकव्हरी' हा हमखास येणारा प्रश्न होता. आम्ही ज्याला नुसतं 'कोर्थ' म्हणायचो त्या पुस्तकाचे एक लेखक सुदर्शन सर तर आपल्या आयआयटी मुंबईचे. त्यात 'एरीज'चं वर्णन आहे. आयबीएमच्या सी. मोहन आणि मंडळींनी १९९२ साली मांडलेली ही पद्धत: आधी काय राहिलंय ते पाहा, मग झालेलं सगळं परत करा, मग अर्धवट राहिलेल्या व्यवहारांचं मागे घ्या. (पोस्टग्रेसमध्ये तिसरी पायरी लागत नाही, तिथे अर्धवट व्यवहाराच्या ओळी पडून राहतात, फक्त दिसत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) तीन पायऱ्या लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतलेली पोरं नोकरीला लागल्यावर त्याच कीर्दीला 'जुने लॉग' म्हणून डिलीट करतात, तेव्हा मला खरंच कळत नाही की त्या परीक्षेचं नक्की काय झालं.

बरं, पहिली गंमत अशी की निम्म्या वेळा सर्व्हर क्रॅश झालेलाच नसतो. रिकव्हरी चालू असताना कुणी कनेक्ट करायला गेलं तर पोस्टग्रेस उत्तर देतो, 'डेटाबेस सिस्टीम सुरू होत आहे'. पण त्या ओळीच्या आधी शब्द असतो 'फेटल'. झालं! फेटल म्हटल्यावर आपला माणूस घाबरतो आणि किल -९ मारतो. फेटल फक्त त्या एका कनेक्शनपुरतं असतं, सर्व्हर आत निवांत कीर्द वाचत बसलेला असतो. तसंच दुसरं भूत म्हणजे 'रेकॉर्डची लांबी चुकीची, हवे होते २४, मिळाले ०' अशा अर्थाची ओळ. हिचा स्क्रीनशॉट तांबडा गोल काढून मला आजवर किती जणांनी पाठवलाय याची गणतीच नाही. अहो, ती कीर्द संपल्याची खूण आहे! पुढे कोरं पान आलं, एवढंच ती सांगतेय. खालचीच ओळ वाचा, 'रीडू डन' लिहिलेलं असेल.

आणि सगळ्यात भारी म्हणजे सिस्टमडी. त्याची सुरू व्हायची मुदत मुळात ९० सेकंद असते. तेवढ्यात सर्व्हर 'तयार आहे' म्हणाला नाही, तर तो बंद पाडला जातो. आता ज्या सर्व्हरला सात मिनिटांची कीर्द वाचायचीय तो ९० सेकंदात कसा तयार होणार? तो मारला जातो, परत सुरू केला जातो, परत त्याच रेघेपासून वाचायला लागतो, परत मारला जातो. रात्रभर चालू द्या हवं तर. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल स्पष्ट सूचना आहे आणि ही मुदत 'इन्फिनिटी' ठेवायला सांगितलंय. कुबरनेटिसमध्ये लायव्हनेस प्रोब नावाचा जावई हेच काम करतो. अशा ठिकाणी 'डेटाबेस रिकव्हरीत क्रॅश होतोय' हे वाक्यच खोटं आहे, त्याचा खून होतोय. पोस्टग्रेस १५ पासून (२०२२) तर लांबलेली रिकव्हरी कुठवर आली ते दर दहा सेकंदांनी लॉगमध्ये लिहिलेलं येतं. लॉग उघडून दहा सेकंद थांबायचं, बस. पण थांबणं हे आपल्याकडे काम समजलं जात नाही ना!

आता खराखुरा क्रॅश. तो झाला की लॉगमध्ये लिहिलेलं असतं, स्टार्टअप प्रोसेस अमुक सिग्नलने गेली. हा आकडा म्हणजे अर्धं निदान असतं. ९ असेल तर कुणीतरी बाहेरून मारलंय, बहुधा मेमरी संपली म्हणून लिनक्सच्या ओओएम किलरने. कर्नलचा लॉग बघा. ११ असेल तर प्रोग्रॅम भलत्या ठिकाणी हात घालून मेलाय, म्हणजे बग, एखादं गडबड एक्स्टेन्शन, नाहीतर खराब रॅम. अशा वेळी कोअर डंप जपून ठेवायचा असतो. ६ असेल तर सर्व्हरने स्वतःहून मान टाकलीय, आणि त्याच्या जरा वर 'पॅनिक' असं लिहून कारण दिलेलं असतं. डिस्क भरली. अमुक पान सापडत नाही. चेकपॉइंटची नोंद मिळत नाही. पॅनिक म्हणजे घाबरणं नव्हे. दिवाणजी म्हणतायत, 'मालक, वहीचं पान फाटलंय, मी अंदाजाने आकडे लिहिणार नाही.' अशा दिवाणजींचा सत्कार करायचा की त्यांना बडवून आकडे लिहून घ्यायचे?

आपण बडवतो. त्यासाठी हत्यारंही तयार आहेत. पोस्टग्रेसचं पीजी_रिसेटवॉल, मायएसक्यूएलचं इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी, एसक्यूएल सर्व्हरचं 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस'. शेवटच्याचं तर नावच 'डेटा गेला तरी चालेल' असं आहे. एवढं ढळढळीत नाव ठेवूनही लोक ते चालवतात आणि नंतर 'सर, काही रेकॉर्ड्स दिसत नाहीयेत' म्हणतात. इनोडीबीच्या त्या सेटिंगला १ ते ६ अशा पायऱ्या आहेत. ४ आणि त्यापुढच्या पायरीने डेटा फाइली कायमच्या बिघडू शकतात असा इशारा मॅन्युअलमध्ये आहे, आणि ६ म्हणजे कीर्द वाचायचीच नाही. मी पाहिलेला बहाद्दर थेट ६ पासून सुरू करतो. लिफ्टचं वरचं बटण दाबल्यासारखं. मायएसक्यूएलवाल्यांच्यात आणखी एक जुनी खोड आहे, ती म्हणजे रीडू लॉगच्या फाइली उडवणं. ५.६ च्या आधी लॉगचा साइज बदलायचा असेल तर त्या हाताने काढाव्या लागायच्या, पण त्या सर्व्हर नीट बंद केल्यानंतर! मधली अट लोक विसरले, हात तेवढा लक्षात राहिला.

पोस्टग्रेसवाल्यांनी तर यापुढे हात टेकले. त्यांच्या कीर्दीच्या डिरेक्टरीचं नाव होतं पीजी_एक्सलॉग. शेजारी पीजी_क्लॉग, म्हणजे कुठला व्यवहार कमिट झाला आणि कुठला नाही याची नोंद. नावात 'लॉग' दिसला की डिस्क साफ करणारे त्यावर झाडू मारायचे. शेवटी २०१७ साली आवृत्ती १० मध्ये नावंच बदलली, पीजी_वॉल आणि पीजी_एक्सॅक्ट. विचार करा मंडळी, जगभरातली स्क्रिप्टं मोडतील हे माहीत असूनही एका डेटाबेसला डिरेक्टरीचं नाव बदलावं लागलं, कारण माणसं न वाचता आरएम मारत होती. सॉफ्टवेअरने माणसासमोर सपशेल शरणागती पत्करल्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं एक प्रकरण सांगतो. २०२३ सालचं. एका तालुक्याच्या गावची पतपेढी. नाव सांगत नाही, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचंही नाही. मी त्यात नंतर, ओळखीतून, 'जरा बघून दे रे' म्हणून गेलो. पतपेढीचं मुख्य काम पिग्मीचं. एजंट दिवसभर बाजारात फिरून रोजचे पन्नास, शंभर, दोनशे गोळा करतात, हातातल्या मशिनीतून पावती देतात आणि संध्याकाळी सहानंतर मशिनी ऑफिसात जोडून दिवसभराची वसुली वर चढवतात. सर्व्हरवर पोस्टग्रेस ९.६, ज्याला २०२१ सालीच निरोप दिलेला. वॉलच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवायचं काम कधीतरी बंद पडलेलं, कुणाच्या लक्षात नाही. त्यामुळे फाइली साठत गेल्या, १६ एमबीची एक अशा हजारो. आणि एका संध्याकाळी, ऐन मशिनी जोडलेल्या असताना, डिस्क भरली. लिहायला जागा नाही म्हणून पॅनिक. सर्व्हर परत सुरू झाला, रिकव्हरी केली, शेवटी चेकपॉइंट लिहायला गेला, जागा नाही, परत पॅनिक. हे चक्र.

इथे करायचं काय होतं? त्याच डिस्कवर कुणीतरी ठेवलेली १२ जीबीची जुनी डंप फाइल होती. ती पेन ड्राइव्हवर हलवायची आणि सर्व्हर सुरू करायचा. संपला विषय. पॅनिकच्या ओळीत 'जागा शिल्लक नाही' असं सरळ लिहिलेलं होतं, मी तो लॉग नंतर वाचला. पण कंपनीच्या माणसाने फोनवरून सर्व्हर ताब्यात घेतला, कुठली डिरेक्टरी मोठी झालीय ते पाहिलं, 'लॉग खूप झालेत' म्हणाला आणि एक्सलॉग रिकामी केली. मग अर्थातच सर्व्हर म्हणाला चेकपॉइंटची नोंद मिळत नाही. मग त्याने रिसेट चालवलं. त्या कमांडनेसुद्धा अडवलं, सर्व्हर नीट बंद झालेला नाही, डेटा जाऊ शकतो, तरी करायचंच असेल तर -एफ लावा. त्याने -एफ लावला. वीस मिनिटांत सर्व्हर सुरू. चेअरमन साहेबांनी फोन करून कौतुक केलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी काही एजंटांची आदल्या संध्याकाळची वसुली दिसेना. मशिनी परत जोडून ती परत चढवली. हिशोब जुळला, सगळे खूश. आणि तिसऱ्या दिवसापासून खात्यांमध्ये त्याच रकमा दुसऱ्यांदा उगवायला लागल्या. भुताटकी नव्हे हो! रिसेटने व्यवहारांचा क्रमांक मागच्या रेघेवर नेऊन ठेवला होता. त्या रेघेनंतरच्या ज्या ओळी डिस्कवर पोचल्या होत्या त्या 'भविष्यातल्या' व्यवहारांच्या ठरल्या, म्हणून अदृश्य. रोजच्या कामात क्रमांक पुढे सरकत गेले, तेच नंबर नव्या व्यवहारांना मिळाले, ते कमिट झाले आणि जुन्या ओळी जिवंत दिसायला लागल्या. ज्यावर युनिक इंडेक्स आहे त्या टेबलात एकाच नंबरच्या दोन पावत्या! इंडेक्स एक सांगतोय, टेबल दुसरंच. डंप घेऊन दुसरीकडे चढवायला गेलं तर इंडेक्स बनेना.

तिथल्या क्लार्क ताई माझ्यासमोर मशिनीची पट्टी धरून म्हणाल्या, "दादा, पावती आहे, पासबुकात आहे, मग कॉम्प्युटर रोज वेगळं का सांगतोय?" त्या ताईंनी आणि दोन मुलांनी अकरा दिवस एकेक खातं पट्टीवरून हाताने जुळवलं. रोज शंभर रुपये भरणाऱ्या माणसाला शिल्लक कमी दिसली की तो 'राइट-अहेड लॉग'ला शिव्या देत नाही, एजंटला चोर म्हणतो. तिथल्या एका एजंटला म्हटलंही गेलं. वीस मिनिटांत सर्व्हर उठवणाऱ्याला यातलं काहीही समजलेलं नाही, त्याचं तिकीट केव्हाच 'क्लोज्ड' झालं होतं.

मॅन्युअल काय म्हणतं? रिसेट हा अगदी शेवटचा उपाय, आणि तो केलाच तर ताबडतोब डंप घ्या, नवा क्लस्टर बनवा, त्यात चढवा. म्हणजे उठवलेला सर्व्हर वापरायचा नसतोच, त्यातून फक्त सामान बाहेर काढायचं असतं. आपल्याकडे तो उठला की त्यावर दुसऱ्या दिवसाचं कामकाज सुरू होतं.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, 'बॅकअप आहे ना'. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चुकून मुख्य सर्व्हरची डेटा डिरेक्टरी उडाली, सुमारे ३०० जीबीतले साडेचार शिल्लक. मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा डंप आवृत्ती जुळत नसल्यामुळे कित्येक दिवस होतच नव्हता, आणि तो होत नसल्याची ईमेलं पोचत नव्हती. शेवटी सहा तासांपूर्वी कुणीतरी चाचणीसाठी घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. त्यांनी हे सगळं जाहीर लिहिलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तुमचा बॅकअप शेवटचा कधी चढवून पाहिला होता?

दुसरं, 'क्रॅश म्हणजे डेटा खराबच झाला असणार, मग रिसेट केलं तर काय बिघडलं'. साफ चूक. जुलै २०२४ मध्ये मायएसक्यूएलच्या ८.०.३८, ८.४.१ आणि ९.०.० या आवृत्त्या हजारो टेबलं असलेल्या सर्व्हरवर रीस्टार्ट होताना कोसळत होत्या. डेटाला काहीही झालेलं नव्हतं, बग होता, आणि त्याच महिन्यात सुधारित आवृत्त्या आल्या. तिथे ज्याने पायरी ६ गाठली असेल त्याने धडधाकट माणसावर शस्त्रक्रिया केली. उलट कधीकधी क्रॅश हाच उपाय असतो. २०१८ साली लक्षात आलं की लिनक्समध्ये एफसिंक एकदा फसलं आणि परत केलं, तर दुसऱ्यांदा 'झालं' असं उत्तर येऊ शकतं, पण डेटा मात्र डिस्कवर गेलेला नसतो. फेब्रुवारी २०१९ पासून पोस्टग्रेस अशा वेळी परत प्रयत्न करतच नाही. मुद्दाम पॅनिक करतो आणि कीर्दीवरून सगळं पुन्हा चढवतो. म्हणजे बनवणाऱ्यांचा स्वतःच्या खतावणीपेक्षा कीर्दीवर जास्त विश्वास आहे, आणि आपण तीच पेटवतो.

तिसरं उत्तर खरं. 'दर मिनिटाला धंदा थांबतोय.' मान्य. म्हणून तर म्हणतोय, मिनिटं मोजा. सर्व्हर बंद ठेवायचा, डेटा डिरेक्टरीची जशीच्या तशी कॉपी काढायची, आणि काय ती मारामारी त्या कॉपीवर करायची. क्लाउडवर असाल तर स्नॅपशॉट. (टेबलस्पेस दुसऱ्या डिस्कवर असेल किंवा वॉल सिमलिंकने बाहेर ठेवलेला असेल तर तोही घ्या, बरेच जण नुसता दुवा कॉपी करून खूश होतात.) एवढं केलं की पुढे कितीही मोठा गाढवपणा झाला तरी परत पहिल्या जागी येता येतं. पतपेढीचा सगळा डेटाबेस वॉल सोडून ९ जीबीचा होता!

पण रात्री दोन वाजता हे ठरवतो कोण? ऑन-कॉलवरचा तेवीस वर्षांचा पोरगा. कॉन्फरन्स कॉलवर चौदा जण, त्यातले अकरा दर पाच मिनिटांनी 'एनी अपडेट?' विचारणारे. त्याला माहीत असतं की सर्व्हर किती वेळ बंद होता हा आकडा उद्या त्याच्या नावापुढे लागणार, आणि किती ओळी गेल्या हा आकडा कुणी काढणारच नाही. तो रिसेट मारणार नाही तर काय करणार? दोष द्यायचा तर आकडे असे मांडणाऱ्यांना द्या.

म्हणून आमच्या टीमच्या रनबुकात मी एक ओळ घालून घेतली. रिसेट, फोर्स रिकव्हरी, वॉलला हात लावणं, यातलं काहीही कॉपी काढल्याशिवाय आणि दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय करायचं नाही, आणि कॉपीला लागलेला वेळ ऑन-कॉलच्या नावावर धरायचा नाही. मॅनेजर म्हणाला, "अरे, पण कॉपीला वेळ किती?" म्हटलं मोजून सांगतो. आमच्या ४०० जीबीला एक तास नऊ मिनिटं लागली. त्याने आकडा दोनदा वाचला, सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "ठीक आहे, ठेव. पण क्लायंटला एक तास नऊ मिनिटं नको सांगू, दीड तास सांग."